चार बांगडे

आई गेल्यानंतर पंधराव्या दिवशी शेवंती पुन्हा माशांची टोपली घेऊन दारापुढच्या खळ्यात आली. सुतकात ती आमच्या दारावरून हाक न मारताच जायची. भेटायला येणाऱ्यांपुढे मी नुसती मान हलवत होते. तिच्यापुढेही ताट धरून एवढंच म्हणाले, "चार बांगडे." "कल्लो उचलून बघ तरी गो." "चांगलेच असतील." तिचा हात टोपलीतच थांबला. "तुझी आवस तीस वर्सा माझ्याशी भांडली. बांगडो ताजो असलो तरी म्हणतली, 'शेवंते, कालचो आसा.' तेच्याशिवाय आमचो दिस उगवाक नाय." तिने पदर डोळ्यांना लावला. "आता माझ्याशी कोण भांडतला?" तिचंही कोणी गेलं होतं, हे माझ्या ध्यानात आलंच नव्हतं. मी बांगडा उचलला. कल्ले लालभडक होते; बांगडा आजचाच होता. "मावशे," मी म्हणाले, "ह्यो परवाचो आसा." तिने पदर कमरेला खोचला.