पावलात पाऊल

अल-अलामेनची रणभूमी दाखवताना रहूमाचा एकच नियम असे. वाळूखाली दुसऱ्या महायुद्धातले सुरुंग अजून जिवंत होते, म्हणून मागून येणाऱ्याने रहूमाच्याच पावलात पाऊल ठेवायचं. त्याच्या मुलाने, मिफ्ताहने, हा नियम एकदाच मोडला. करडू पळालं म्हणून सात वर्षांचं पोर अनवाणी आडवाटेला धावलं. त्या स्फोटाला आता बारा वर्षं झाली होती.

आज रहूमामागे एकटी हेझलबाई होती. तिचे आजोबा इथल्याच लढाईत पडले होते.

"घाई नको, बाई," रहूमा पुढे बघतच म्हणाला. "माझं पाऊल उमटलं की त्यातच तुमचं."

"तेच तर करतेय! सासूचासुद्धा एवढा धाक नव्हता हो मला." ती हसली. मध्येच तिच्या बुटांचा आवाज थांबला.

"रहूमा, तुमच्यामागून कोण चाललंय?"

"तुम्हीच की."

"मग तुमच्या पावलात हे छोटं पाऊल कुणाचं? अनवाणी आहे. अन् हे शेवटचं तर आत्ता माझ्या डोळ्यांदेखत उमटलं."

रहूमाने वळून पाहिलं नाही. वारा अगदी पडला होता.

त्याची ढांग लांब होती. सात वर्षांच्या पायांना ती उड्या मारत गाठावी लागत असणार, हे इतकी वर्षं त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्याने पुढचं पाऊल अगदी जवळ टाकलं आणि वाट पाहिली.

टाचेपाशी वाळू हलकेच दबली.