तोंडात आलेलं नाव

तिळाचं तेल. एक्क्याऐंशी टक्के. बँडच्या रांगेतली एका माणसाची मोकळी जागा.

बायको माझ्या तळव्यांना तेल चोळत होती. चौकशीत पोलिसांनी पट्ट्यानं मारलं त्याला नऊ वर्षं झाली, तरी ते ठणकतात. टीव्हीवर वाद रंगला होता. एक माजी अधिकारी म्हणाले, "मार पडल्याशिवाय खरं बाहेर येत नाही." खाली पट्टीवर कौल आला: एक्क्याऐंशी टक्के प्रेक्षकांना ते पटलं.

"बंद करा हो ते," ती म्हणाली. मग पहिल्यांदाच विचारलं, "तुमच्या तोंडून काय बाहेर आलं होतं?"

"लहानूचं नाव. देवळातल्या चोरीत साथीदार कोण, विचारत होते. चोरी मी केलीच नव्हती. एखाद्या वैऱ्याचं नाव घ्यावं म्हटलं, तर एकही आठवेना. ज्याच्या शेजारी वीस वर्षं क्लॅरिनेट वाजवली, तोच तोंडात आला."

तिचा हात थांबला. "आणि न सांगता गाव सोडलं म्हणून मी लहानूभावजींनाच बोल लावत होते."

लहानू सुरतेला गेला तो गेलाच. रांगेत मी अजून त्याची जागा सोडून उभा राहतो. बँडचा मालक ओरडतो, "सरक की डावीकडं! फोटोत दात पडल्यासारखं दिसतंय." मी सरकत नाही. वरातीत जुनी धून लागली की वाटतं, आता डावीकडून त्याचा ट्रंपेट सूर उचलेल.

लहानू कोठडीतून सुटला त्या दुपारी सगळ्यात आधी माझ्याच दारात आला होता. त्यानं दोनदा हाक मारली. मी आत होतो. कडी काढली नाही.