रेंज कुठल्या खोलीत येते

आखातातल्या आपल्या मोबाईलच्या दुकानात मुनाफने काउंटरवर तीन खोके मांडले आणि विचारलं, "तुमच्या घरात रेंज कुठल्या खोलीत येते?"

धनाजीने शेजारी उभ्या श्यामकडे पाहिलं, जणू श्यामच त्या घरात राहत होता. श्याम पाटणकडचाच, धनाजीच्या शेजारच्या गावचा. आज रात्रीच्या विमानाने तो सुट्टीवर निघाला होता. त्याच्या बॅगेत एका खोक्यापुरती जागा होती, म्हणून रेंज वाढवणारा बूस्टर आजच ठरवायचा होता.

गेल्या महिन्यात धनाजीची आई नव्या बंगल्याच्या बाथरूममध्ये घसरली. मोबाईल हातात होता, पण रेंज नव्हती. दूध न्यायला माणूस आला तोवर दीड तास ती फरशीवर पडून होती. पुन्हा असं होऊ द्यायचं नाही, एवढं धनाजीला पक्कं माहीत होतं. बाकी काहीच माहीत नाही, हे दुकानात आल्यावर कळलं.

"दिवसभर कुठल्याच खोलीत येत नाही," तो म्हणाला.

"गच्चीवर किती काड्या दिसतात?"

"बघितल्या नाहीत."

"गच्चीपासून आईच्या खोलीपर्यंत वायर किती लागेल? दहा मीटर? वीस?"

"मधे जिना आहे," धनाजी म्हणाला.

इथल्या हमद बंदरावर हाच माणूस क्रेनला लटकलेला कंटेनर बोटभराचाही फरक न होता जागेवर बसवतो. पण ज्या बंगल्यासाठी नऊ वर्षं इथलं ऊन खाल्लं, तो त्याने दोन वर्षांपूर्वीच्या वास्तुशांतीचे आठ दिवस सोडले तर मोबाईलवरच पाहिला होता. ते आठ दिवसही पाहुण्यांच्या पंगती उठवण्यात गेले.

मुनाफ चिपळूणचा. गिऱ्हाईक मराठी निघालं म्हणून खुशीत येऊन तो जरा जास्तच समजावत होता. हा एकाच कंपनीच्या सिमला चालतो, हा सगळ्यांना. याची अँटेना टॉवरकडे तोंड करून लावायची, याची कशीही. शिवाय तिकडे परवानगीशिवाय लावता येत नाही, आधी मोबाईल कंपनीला विचारा.

"आमच्या डोंगरात कोण बघायला येतंय!" श्याम म्हणाला.

"तसं नको, भाऊ. एक अर्ज द्या, खलास."

"बरं, अर्ज मी देतो," श्याम म्हणाला. "तू मशीन दाव."

धनाजीच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. शेवटी त्याने बंगल्याचा व्हिडिओच मुनाफसमोर धरला. मुनाफने तो दोनदा पाहिला.

"भाऊ, हे घर आहे की कंटेनर? जाड स्लॅब, त्यात सळया, त्यावर पुन्हा पत्रा. खिडक्यांना आरशाच्या काचा. रेंज शिरणार कुठून?"

धनाजीला ते लागलं. "काचा इथल्या अबू हमूर भागातल्या व्हिला बघून घातल्यात. आणि पत्रा नसला तर आमच्याकडच्या पावसात स्लॅब टिकत नाही."

"बरोबर आहे, पण रेंज अडते."

"मग रात्री कशी येते? आठ वाजले की रोज फोन लागतो. आडवी होऊन निवांत बोलते ती."

मुनाफचा हात खोक्यावरच थांबला. "रेंजला दिवस-रात्र कळत नाही, भाऊ."

"रात्री टॉवरवर गर्दी कमी असेल," श्यामने अक्कल पाजळली. मुनाफने नकारार्थी मान हलवली.

दुकानाच्या घड्याळात पावणेसहा झाले होते. म्हणजे गावाकडे सव्वाआठ.

"आत्ताच लावा," मुनाफ म्हणाला. "आईंना म्हणावं, मोबाईल हातात धरून हळूहळू हॉलपर्यंत चालत जा. रेंज कुठं तुटते ते बघू."

पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला. धनाजीने स्पीकर लावला.

"जेवलास का रं धनू?"

"जेवतो नंतर. आई, काय करतीस?"

"काय करनार? आडवी झालीय."

"जरा ऊठ. फोन बंद करू नगंस. तशीच बोलत बोलत हॉलात जा."

"आत्ता? धनू, पाऊस लागलाय. चिखलातनं कशी जाऊ?"

धनाजीने मोबाईल कानाजवळ आणला, मग पुन्हा लांब धरला. बेडरूम आणि हॉल यांच्यामध्ये एक दार होतं. सागवानी. तेवढं त्याला नक्की आठवत होतं.

"हॉलात जायला चिखल कसला, आई?"

पलीकडून गायीच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजली. ती घंटा तो दोन वर्षं रोज ऐकत होता. गाय बेडरूमच्या खिडकीखाली बांधत असतील, असं त्याने धरून ठेवलं होतं.

"आई, कुठं हायस तू?"

"गोठ्यात," ती म्हणाली. "बाज टाकलीय. कोरडं हाय, तू काळजी करू नगंस."

"कधीपास्नं?"

"वास्तुशांतीचे पावनं गेले तवापास्नं."

धनाजीला लाज वाटली. रागही आला, कोणाचा ते त्याला कळेना. "आई, एवढा बंगला बांधला तुझ्यासाठी!"

"झ्याकच हाय की बंगला. रोज झाडते, पुसते. पन रातच्याला तुझा फोन असतोय. आत तू लागत न्हाईस."

श्याम दाराबाहेर जाऊन उभा राहिला. मुनाफने दोन खोके उचलून मागच्या फळीवर ठेवले आणि उरलेला एक हलक्या हाताने धनाजीपुढे सरकवला.

"आई, श्यामसंगं मशीन पाठवतोय. घरात रेंज येईल." धनाजीने खोका जवळ ओढला. "मशीन बसलं की आत पलंगावर झोपायचं. ऐकतीस न्हवं?"

"झोपीन की," आई म्हणाली. "आदी तू आत लागून तर दाव."