एक हात विरोधात

सयाजी माने अनुमोदन द्यायला उभा राहिला, तेव्हाच विनोदिनीबाईंना कळलं की आता मतदान होणार नाही.

सकाळपर्यंत सयाजी त्यांच्या विरुद्ध उमेदवार होता. सातारा-सांगलीच्या राज्यशास्त्र अध्यापकांच्या मंडळाला नवा अध्यक्ष निवडायचा होता आणि अर्ज दोनच आले होते, एक त्याचा, एक त्यांचा. बाईंनी सांगलीहून त्याला पत्र टाकलं होतं. दोघांतलं कोणीही येवो, पण चिठ्ठ्या टाकून मतदान होऊ दे, अकरा वर्षांत या मंडळात ते एकदाही झालेलं नाही, असं त्यात होतं. सयाजीनं उलट टपाली कळवलं होतं की तो हरेल, पण माघार घेणार नाही.

आता तो कागदावरून मान वर न करता वाचत होता. बाईंसारखं नेतृत्व लाभणं हे मंडळाचं भाग्य आहे, वगैरे. माघार घेणाऱ्यानंच अनुमोदन द्यायचं, ही इकडची रीत. साखर कारखान्यात तीच, दूध संघात तीच. हरलेल्या माणसानं चारचौघांत उठून जिंकलेल्याचं नाव घेतलं, की कुणाच्या मनात काही राहिलं नाही असं ठरतं.

अर्ध्या तासापूर्वी बाईंना तौलनिक राजकारणातल्या उत्तम प्रबंधाचं मानपत्र मिळालं होतं, ते या रीतीवरच लिहिल्याबद्दल. इथल्या सात कारखान्यांच्या बिनविरोध निवडणुका आणि पूर्व युरोपातल्या दोन देशांतल्या, मतपत्रिकेवर एकच नाव असलेल्या निवडणुका त्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या होत्या. सात वर्षं त्या कामात गेली होती. सातांपैकी दोन कारखाने या भागाचे पुढारी असलेल्या तात्यांचे होते. स्वागताध्यक्षही तात्याच होते. मानपत्र देताना ते हसून म्हणाले होते, “बाईंनी आमच्यावर चारशे पानं लिवली. आमी वाचली न्हाईत, पण वजन केलं. भरलं चांगलं.” सगळ्यांबरोबर बाईही हसल्या होत्या.

सयाजी ज्या महाविद्यालयात शिकवत होता, तेही तात्यांच्याच संस्थेचं. येत्या जूनमध्ये त्याची नोकरी कायम व्हायची होती. सभागृहात हे माहीत नसलेलं कोणी नव्हतं.

अनुमोदन झालं. तात्यांनी संमतीचे हात वर करायला सांगितले. साठ-सत्तर हात वर आले, काही तर त्यांचं वाक्य संपायच्या आत.

“झालं,” तात्या म्हणाले.

बाई उठून उभ्या राहिल्या. “तात्या, विरोधात कोण आहे, तेही विचारा.”

“विचारतो की. विचारायला काय जातंय?” तात्यांनी सभागृहावरून नजर फिरवली. “हाय का कुणी?”

मागच्या रांगेत कोणीतरी खोकलं. सयाजी बुटांकडे बघत बसला होता. मग व्यासपीठावर उभ्या असलेल्या विनोदिनीबाईंनी स्वतःचा उजवा हात वर केला.

बाई काही बोलायच्या आत पहिल्या रांगेतले एक निवृत्त प्राचार्य शेजाऱ्याला म्हणाले, केवढा हा विनय. ते शब्द मागपर्यंत गेले आणि टाळ्या पडल्या. तात्यांनी ध्वनिक्षेपक जवळ ओढला. मोठी माणसं अशीच असत्यात, पद दारात आलं तरी नको म्हणत्यात, असं ते म्हणाले. टाळ्या वाढल्या. हात किती वेळ वर ठेवायचा असतो, हे बाईंनी कुठं वाचलं नव्हतं. खांदा दुखायला लागल्यावर त्यांनी तो खाली घेतला.

शेजारी चिटणीस चिंतामणराव इतिवृत्ताची वही लिहीत होते. निवड एकमताने झाली, एवढं लिहून त्यांनी ओळ संपवली होती. बाई वाकून हळू आवाजात म्हणाल्या, की एक हात विरोधात होता, तो लिहा.

चिंतामणराव सरळ माणूस. कोणाचा राग नाही, लोभ नाही, नियम तेवढा पाळायचा. ते म्हणाले, “लिहिलेलं खोडायचं तर शेजारी अध्यक्षांची सही लागते.”

“मग घ्या त्यांची.”

“आधीच्यांची मुदत ठराव झाला तेव्हाच संपली. आता तुमचीच लागेल.”

“मी हे पद घेतलंच नाही तर?”

चिंतामणरावांनी खरोखर विचार केला. “राजीनामा देता येईल. पण त्याला आधी अध्यक्ष व्हावं लागतं, बाई. आणि तो मंजूर व्हायला पुढच्या वर्षीची सभा.”

बाईंनी दाराकडे पाहिलं. सांगलीची गाडी सव्वापाचला होती. पिशवी उचलून चालू लागलं असतं तर कोणी अडवलं नसतं. तेवढ्यात सयाजी व्यासपीठाच्या पायरीशी आला. अभिनंदन करायला आल्यासारखे त्यानं हात जोडले आणि ते तसेच जोडलेले ठेवून खालच्या आवाजात म्हणाला, “बाई, तुमी उठून गेलासा तर तात्या म्हंत्याल, ह्यानंच शिकवलं.”

“सयाजी, तुम्ही पत्रात काय लिहिलं होतं?”

“लिवताना खरंच वाटलं हुतं,” तो म्हणाला.

खाली माणसं उठून उभी राहू लागली होती. चिंतामणरावांनी वही बाईंपुढे सरकवली. ‘एकमताने’ हा शब्द वळणदार अक्षरात लिहिला होता. त्यावर एक रेघ मारायची, शेजारी सही करायची, सहीखाली हुद्दा लिहायचा. बाईंनी त्यांच्याकडून पेन घेतलं.

टोपण निघालेलं दिसलं तेवढ्यानंच सभागृहात टाळ्या सुरू झाल्या.