दोघांचं वर्तुळ

"हे ओरडतं रे माझ्यावर," बाबा फोनवर म्हणाले. "काढून टाक."

मुलाने कपाळाला हात लावला. आणखी एक ॲप निकालात निघालं होतं. आधीचं ताटाचे फोटो मागायचं, त्याच्या आधीचं सकाळी डोळे उघडायच्या आत उपदेश सुरू करायचं. बाबांच्या हृदयाने एकदा दणका दिला होता, डॉक्टरांनी रोज चालायला बजावलं होतं; आणि आयुष्यभर शिलाई मशीनवर बसलेले बाबा दुसऱ्या गावात एकटे राहून ढिम्म हलत नव्हते.

शेवटी एक वेगळं ॲप सापडलं. त्यात दोघांची जोडी लावायची. दोघांचं मिळून एक वर्तुळ. अर्धं याने चालून भरायचं, अर्धं त्याने. एकाने दांडी मारली की दोघांचंही पुसलं जायचं.

"म्हणजे तूही चालणार?" बाबांनी विचारलं.

"चालावंच लागेल."

"रोज?"

"रोज, बाबा."

"मग चालेल." इतक्या झटपट ते आजवर कशालाही हो म्हणाले नव्हते.

मुलगा विमा कंपनीत दावे तपासायचा. फुगवलेलं बिल, न झालेला अपघात त्याला वासावरून कळायचा, अशी ऑफिसात त्याची ख्याती. दिवसभर खुर्चीला चिकटून लोकांची दुखणी उपसायची आणि घरी येऊन सोफ्यावर अंग टाकायचं, हा त्याचा नेम. शुगर त्यालाही होती, पण तिच्याकडे त्याने साफ कानाडोळा केला होता. आता सोफ्याच्या जागी बूट आले.

पहिले काही आठवडे तर नुसती शिक्षा होती. पिंढऱ्या भरून यायच्या, डोळे मिटायचे. इमारतीमागच्या रस्त्याने तो घाण्याला जुंपल्यासारखा फेऱ्या मारायचा. आपण आज बसलो तर उद्या बाबा बसतील, आणि बाबा बसले तर... याच्या पुढे तो विचारच करायचा नाही. फार भीती वाटायची.

"बाबांचं भरलं का?" बायको वाढता वाढता विचारायची.

"केव्हाच. पहाटेच."

आधी बाबा संध्याकाळी चालायचे, मग एकदम पहाटेवर आले. संध्याकाळी गाड्या फार असतात, म्हणाले. जोडीदार चालत असला की ॲपवर त्याचा ठिपका दिसायचा. बाबांचा ठिपका जरासा सरकायचा, थांबायचा, पुन्हा सरकायचा, पुन्हा थांबायचा. दमतात बिचारे, असं मुलाला वाटायचं. तरी सोडत नव्हते. मग हा कुठल्या तोंडाने सोडणार?

फोनवर मात्र बाबांचं भलतंच चालायचं.

"पँट सैल होते का रे?"

"होते. पट्ट्याला नवं भोक पाडलंय."

"आणि शुगर?"

"उतरतेय. बाबा, तुमचं सांगा ना. दम लागतो का?"

"मला काय धाड भरलीय! कंबर अजून घटव." आणि फोन बंद. शिंप्याला माणूस म्हणजे छाती आणि कंबर, असं म्हणून मुलगा हसायचा.

वर्षअखेरीला दाव्यांचा ढीग आला. एका संध्याकाळी तो एक बूट पायात, एक हातात घेऊन दारातच बसून राहिला. उठवेना. कसाबसा चालून आला आणि बायकोला म्हणाला, "बस झालं. आता मी नाही चालणार. बाबांना सवय लागलीय, माझ्यावाचून अडायचं नाही त्यांचं."

"सांग मग त्यांना."

"फोनवर नको. तोंड पाडून घरी बसले तर? समोर बसून समजावतो."

शनिवारी रात्री न कळवताच त्याने बस पकडली. उतरला तेव्हा नुकतं फटफटत होतं. घराशी येऊन त्याने ॲप उघडलं. बाबांचा ठिपका दोन गल्ल्या पलीकडे सरकत होता. त्याला बरं वाटलं. ते येईपर्यंत चहा टाकू, म्हणून तो दार लोटून आत गेला.

बाबा पलंगावर होते.

उघड्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत होते. पलंगाला लागून चाकांची खुर्ची होती. तिची गादी बसून बसून पार चेपली होती. पांघरुणाखालचे पाय काटकुळे दिसत होते.

मुलाने हातातल्या फोनकडे पाहिलं. ठिपका घराकडे येत होता. दारात आला.

खांद्याला वर्तमानपत्रांची रिकामी पिशवी लावलेला पेपरवाला धापा टाकत आत शिरला. दाराआडचा मुलगा त्याला दिसलाच नाही.

"काका, घ्या तुमचा फोन," तो म्हणाला. "आज दोन गल्ल्या जास्त फिरलो. मुलाची शुगर पूर्ण उतरली, की अजून चालवायचंय त्याला?"