भुरीचं पनीर

काकासाहेबांनी पांढरा तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटून चावला आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं, "आपल्या भुरीच्या दुधाचं पनीर हाय हे. बिलकुल सायीवानी लागून राह्यलं."

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या अर्पिताने चमकून सासऱ्यांकडे पाहिलं. ते पनीर नव्हतंच. घरच्या सोयाबीनचं टोफू होतं.

कुंभार पिंपळगावच्या या घरात नव्या सुनेच्या हातचं पहिलं जेवण भावकी जेवायची. मिठापासून भाकरीच्या काठापर्यंत सगळं पारखलं जायचं आणि मग वर्षानुवर्षं चघळलं जायचं. त्यात अर्पिता दूधतूप खायची नाही. म्हशींवर उभ्या राहिलेल्या घरात हे सांगायचं कुणी? तिच्या नवऱ्याने, अंगदने, आईच्या कानावर घातलं. बापापुढे, काकासाहेबांपुढे, मात्र त्याची जीभ टाळूला चिकटली. आपण खातो तेच सगळ्यांना वाढायचं, एवढाच अर्पिताचा हट्ट होता. सासूबाईंनी, नंदाबाईंनी, तो मान्य केला. अट एकच घातली, ताटं उचलेपर्यंत सोयाबीनचं नाव काढायचं नाही. गावात सोयाबीन विकायचं आणि त्याची ढेप जनावरांपुढे ठेवायची. ते पाहुण्यांच्या ताटात वाढल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

पहाटे दोघींनी भिजलेलं सोयाबीन वाटलं, गाळलं, उकळून लिंबू पिळलं आणि कापडात बांधून पाट्याखाली दाबून ठेवलं. चुलीच्या आरावर वांगी, भोपळा, कांदे भाजले. तांदुळजा लसणावर परतला. टोफूचे तुकडे शेंगदाण्याच्या तेलात लालसर केले. नवऱ्याच्या चोरून काही शिजवण्यात नंदाबाईंना अशी काही मजा आली, की त्या वाटता वाटता मधेच एकट्या हसत होत्या.

आणि आता काकासाहेब भुरीचे गोडवे गात सुटले होते. त्यांचा चुलतभाऊ राधेश्याम म्हणजे भावकीतला सगळ्यात खोचक माणूस. आजवर एकाही सुनेच्या स्वयंपाकाला त्याने बरं म्हटलं नव्हतं. त्याने पनीर पुन्हा मागून घेतलं, मग भाजलेला भोपळाही मागितला. पंगत खुशीत उठली. बायका अर्पिताच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या.

तिला मात्र चोरी केल्यासारखं वाटत होतं. ज्या माणसाने भर पंगतीत आपली मान उंच केली, त्यालाच आपण फसवलं. तिला राहवेना. ती तशीच गोठ्यात गेली. काकासाहेब भुरीला वैरण टाकत होते.

"मामा, मी दूध खात नाही. ते पनीर सोयाबीनचं होतं."

"म्हाईत हाय," काकासाहेब वैरण टाकता टाकताच म्हणाले. "चहापुरतं ठिवून सकाळचं समदं दूध म्याच डेअरीला घालून आल्तो. मंग पनीर कशाचं करशील?"

मग भुरीचं नाव का घेतलंत, असं अर्पिताने विचारलं.

"सोयाबीन म्हणलं असतं तर राधेश्यामनं ढेप म्हणून ताट सरकवलं असतं," काकासाहेबांनी हात झटकले. त्यांना हसू आवरत नव्हतं. "आता त्यानं मागून मागून खाल्लंय. बराबर पचू दे. उद्या चौकात मीच सांगतो."