रिकाम्या खोलीचं मिनिट

यमुना पेडणेकरच्या पत्राला ध्वनिमुद्रक केळुसकरांनी एकोणीस वर्षं उत्तर दिलं नव्हतं. ‘माझा भाऊ अच्युत तुमच्या स्टुडिओच्या जिन्यावरून पडला, की त्याला मारलं?’ एवढंच तिने विचारलं होतं.

प्रत्येक ध्वनिमुद्रणाआधी रिकाम्या खोलीचं एक मिनिट टिपून ठेवायची केळुसकरांची सवय होती. भिंतींत आदल्या दिवसाचे आवाज मुरलेले असतात, हे आता सगळ्यांनाच ठाऊक झालं होतं. अच्युत गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टिपलेलं मिनिट त्यांनी आपल्या सहायक मृदुलाला दिलं. तिने आवाजाचे कण सुटे करून लांबवले आणि कॉम्प्रेसरने मोठे आवाज दाबले, तसे बारीक आवाज वर आले.

माइकच्या लोखंडी स्टँडचे घाव ऐकू आले. मग हाड मोडलं. अच्युत किंचाळला. स्टुडिओचा मालक ओरडत होता, “माझ्या पोराला बेसूर म्हणतोस?” पुन्हा घाव. तेवढ्यात कुणीतरी घाबरून म्हणालं, “थांबा, आधी दार लावतो. बाहेर ऐकू जाईल.”

मृदुलाचा हात थांबला. केळुसकरांकडे न बघता ती म्हणाली, “सर, हा शेवटचा आवाज पूर्ण दाबता येईल.”

“नको. वर आण त्याला.”

संध्याकाळी त्यांनी ध्वनिफितीसोबत दोनच ओळी लिहिल्या. ‘त्याला मारलं. दार मी लावलं होतं.’ खाली पूर्ण नाव घातलं आणि पाकीट पोस्टाच्या पेटीत टाकलं.